सांगणारा कोण? मराठी कादंबरीचे निवेदन, संपादन आणि करार

कादंबरी लिहायला बसणाऱ्या नव्या लेखकाचे पहिले प्रश्न बहुधा कथानकाविषयीचे असतात आणि शेवटचे प्रकाशकाविषयीचे. या दोहोंच्या आधी जो सुटायला हवा, तो प्रश्न मात्र हस्तलिखिताची दोन-तीनशे पाने भरल्यावरही अनेकदा तसाच राहिलेला दिसतो. ही हकिकत सांगतो आहे कोण, त्याला ती कितपत ठाऊक आहे आणि तो ती कोणत्या मराठीत सांगतो आहे, असा तो प्रश्न आहे. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन एवढेच आहे की, या प्रश्नाचे उत्तर लिहिण्याच्या टेबलावर टाळले तर ते संपादकाच्या टेबलावर पुन्हा उभे राहते, आणि तेथेही टाळले तर छापलेल्या पुस्तकात ते वाचकाला बोचत राहते. प्रकाशनाचे व्यवहारही या प्रश्नापासून वाटतात तितके दूर नाहीत, कारण सांगितलेली गोष्ट पुढे आणखी कोणी, कोणत्या माध्यमातून आणि किती काळ सांगायची, हाच अखेर कराराचा विषय असतो.

लेखक आणि निवेदक यांच्यातला भेद आरंभीच स्पष्ट केलेला बरा. मुखपृष्ठावर ज्याचे नाव छापले जाते तो लेखक. पुस्तकाच्या पहिल्या ओळीपासून ज्याचा आवाज ऐकू येतो तो निवेदक. निवेदक कथेतले एखादे पात्र असू शकतो, कथेबाहेर उभा राहून साऱ्यांच्या मनात डोकावणारा सर्वज्ञ असू शकतो, किंवा बाहेर उभा असूनही एकाच पात्राच्या खांद्यावरून जग पाहणारा असू शकतो. मराठीत हा भेद कादंबरीच्या बाल्यावस्थेतच उमगलेला होता. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. त्यानंतर जेमतेम तेहतीस वर्षांनी, १८९० मध्ये, सव्वीस वर्षांच्या हरि नारायण आपट्यांनी आपल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापायला सुरुवात केली आणि ती सारी हकिकत यमू या मुलीच्या तोंडून सांगितली. केशवपनासारख्या विषयावर त्या काळी व्याख्याने पुष्कळ झाली असतील आणि आपट्यांनाही सर्वज्ञ निवेदक घेऊन ती व्याख्याने कादंबरीत कोंबता आली असती. निवेदन यमूकडे गेल्यामुळे मात्र लेखकाचे ज्ञान माजघरापुरते आकसले. तिला जे कळत नाही ते वाचकाला तिच्या आधी कळू लागले आणि कादंबरीची सारी वेदना नेमकी या अंतरातून उभी राहिली. नव्या लेखकाने हे पुस्तक सुधारणेचा दस्तऐवज म्हणून वाचण्यापूर्वी निवेदकाची निवड कशी करावी याचा वस्तुपाठ म्हणून वाचावे, असे सुचवावेसे वाटते.

मराठी लेखकाला तर वाक्याच्या पहिल्याच क्रियापदापाशी बाजू घ्यावी लागते. ‘त्याने दार उघडले’ असे लिहायचे की ‘त्यानं दार उघडलं’ असे? मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली ठरवलेल्या आणि पुढे अठरांपर्यंत वाढलेल्या लेखनविषयक नियमांत याची सोय आहे: पात्राच्या तोंडच्या वाक्यांत बोलण्यातला उच्चार दाखवण्यासाठी अन्त्य अक्षरावर अनुस्वार द्यावा, एरवी एकारान्त रूपे लिहावीत. कथेबाहेरच्या निवेदकासाठी हा नियम पुरेसा आहे. पण निवेदक स्वतःच पात्र असेल तर संपूर्ण पुस्तकच ‘पात्राच्या तोंडचे वाक्य’ ठरते. आणि निवेदक बाहेरचा असूनही त्याचे वाक्य मध्येच पात्राच्या मनाकडे झुकत असेल, तर तो अनुस्वार कोठे सुरू व्हावा आणि कोठे थांबावा हे शुद्धलेखनाच्या पुस्तकात सापडत नाही. ते लेखकालाच ठरवावे लागते. नवोदितांच्या हस्तलिखितांत एकाच परिच्छेदात ‘गेले’ आणि ‘गेलं’ सरमिसळ नांदत असतात ते बहुतेकदा शुद्धलेखनाच्या अज्ञानामुळे नव्हे, तर सांगणारा कोण हे न ठरल्यामुळे.

हा मुद्दा एका लहानशा प्रसंगावर तपासून पाहता येईल. एका कुटुंबातला वडीलधारा पुरुष तालुक्याच्या गावी जाऊन शेत विकून येतो, असा तो प्रसंग समजावा. सर्वज्ञ निवेदनात तो बहुधा असा लिहिला जातो: ‘दुपारी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आबांनी खरेदीखतावर सही केली आणि चार पिढ्यांची काळी आई परक्याची झाली.’ या वाक्याचा पूर्वार्ध तेथे हजर असलेल्या कोणालाही सांगता आला असता. उत्तरार्ध मात्र आबांचा नाही, कारकुनाचा नाही आणि खरे पाहता निवेदकाचाही नाही. तो तयार मिळालेला उमाळा आहे. आता तीच घटना घरी असलेल्या सुनेकडून ऐकावी: ‘मामंजी आले ते पाय न धुताच आत आले. पाणी मागितलं. सदऱ्याच्या खिशाला शाईचं बोट पुसलेलं होतं. हे म्हणाले, ताट वाढ.’ सुनेला शेताचा भाव माहीत नाही, खरेदीदार माहीत नाही, कदाचित व्यवहार आजच होणार हेही कोणी तिला सांगितलेले नाही; पण खिशावरचा डाग तिच्या नजरेतून सुटत नाही, कारण तो सदरा तिलाच धुवायचा आहे. निवेदकाचे अज्ञान हे असे लेखकाच्या कामी येते.

तिसरी शक्यता सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वांत कमी वापरली जाणारी: ‘आबांनी अंगठा पुसला. कारकून म्हणाला, फोटोसाठी सरळ बघा. सरळ कुठं बघायचं? समोर भिंत होती आणि भिंतीवर तालुक्याचा नकाशा. एवढ्याशा नकाशात आपलं वावर ते केवढं असणार!’ येथे निवेदन तृतीयपुरुषी आहे, तरी ‘सरळ कुठं बघायचं?’ हा प्रश्न आबांचा आहे आणि ‘असे आबांच्या मनात आले’ अशी पाटी त्यावर लावलेली नाही. निवेदकाच्या वाक्यात पात्राचा आवाज परवानगी न घेता शिरण्याच्या या पद्धतीत व्याकरण निवेदकाचे राहते आणि मन पात्राचे. ‘कुठं’वरचा आणि ‘आपलं’वरचा अनुस्वार येथे नेमके हेच काम करतो. त्याऐवजी कोणी काटेकोर मुद्रितशोधकाने ‘कोठे’ आणि ‘आपले’ केले, तर वाक्य शुद्ध होईल आणि आबा त्यातून निघून जातील.

मराठी कादंबरीच्या गेल्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांतल्या अनेक ठळक कृती या दृष्टीने वेगळ्या दिसू लागतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा (१९५५) निवेदक धनगरांच्या वस्तीवर नव्याने आलेला तरुण शाळामास्तर आहे, तो बाहेरचा आहे, त्यामुळे वस्तीच्या रीतीभातींची ओळख वाचकाला त्याच्याबरोबरीने होते आणि माहिती पुरवण्यासाठी लेखकाला कथा थांबवावी लागत नाही. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) पात्रे वऱ्हाडी बोलतात आणि निवेदन प्रमाण मराठीत चालते, आनंद यादवांच्या ‘गोतावळा’मध्ये (१९७१) नारबा हा शेतगडी आपली सारी कहाणी आपल्याच बोलीत सांगतो. या दोन्ही वाटा रास्त आहेत, पण त्यांची किंमत वेगवेगळी मोजावी लागते. पहिल्या वाटेत पात्रे आणि निवेदक यांच्यात सामाजिक अंतर पडते, आणि निवेदकाच्या भाषेने पात्रांच्या भाषेकडे वरून पाहू नये यासाठी शेळक्यांसारखा संयम लागतो. दुसऱ्या वाटेत अंतर मिटते, पण नारबाला जे शब्द ठाऊक नाहीत ते लेखकालाही सोडून द्यावे लागतात. आजच्या काही नव्या कादंबऱ्यांत बोली फक्त संवादांत, तीही चार-दोन क्रियापदे बदलून, शिंपडलेली आढळते. ती बोली नव्हे, तो बोलीचा पेहराव होय.

भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’ने (१९६५) ही किंमत शब्दशः मोजली. मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांची भाषा निवेदनातच आल्यामुळे आचार्य अत्र्यांसारख्या मातब्बरांनी तिच्यावर अश्लीलतेचा ठपका ठेवला. तो वाद आज वाचताना जाणवते की, आक्षेप घेणाऱ्यांना पोरांच्या वागण्यापेक्षा त्या वागण्यावर कान पिळणारा निवेदक पुस्तकात नाही, हे अधिक खटकले असावे. त्याच्या दोन वर्षे आधी, १९६३ मध्ये, भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ रा. ज. देशमुखांच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली होती. तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर याच्या ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ यांची नक्कल पुढे इतकी झाली की, एका पिढीच्या हस्तलिखितांना त्यांची साथच आली. नक्कल करणाऱ्यांच्या हाती लकबी लागल्या. पांडुरंग गंभीर विधान करता करता स्वतःच त्याच्यापासून अंग काढून घेतो आणि त्या शब्दांचे काम हे अंग काढून घेण्याचे आहे, ही गोष्ट मात्र त्यांच्या हातून निसटली. रोजनिशी आणि बखरीची लकब असे निरनिराळे गद्यप्रकार त्या पुस्तकात एकत्र राहू शकले तेही एकाच निवेदकाच्या जोरावर.

याउलट शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा व्यक्ती आळीपाळीने निवेदन करतात. रचनेचे हे धाडस मोठे होते आणि वाचकांनी त्याला अभूतपूर्व प्रतिसाद दिला. तरी शिकणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर सहाही जण बऱ्याच अंशी एकाच अलंकृत मराठीत बोलतात, हे नोंदवायला हवे. पौराणिक विषयात ते खपून जाते. आजच्या पिंपरीतल्या किंवा पणजीतल्या तीन पिढ्यांना आळीपाळीने बोलायला लावणाऱ्या लेखकाला ती सवलत मिळणार नाही. आपल्या अनेक निवेदकांचे आवाज खरोखर वेगळे आहेत का, हे तपासण्याचा साधा उपाय म्हणजे प्रकरणांवरची नावे झाकून त्यातला कोणताही परिच्छेद दुसऱ्याला वाचून दाखवणे. एकाच निवेदकाची मर्यादा कशी पाळावी हे मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’मध्ये (२००४) दिसते: नववीतल्या मुकुंद जोशीला आणीबाणी जेवढी दिसू शकते तेवढीच दिसते. लेखकाला त्याहून पुष्कळ अधिक माहीत होते, हे उघड आहे. ते त्याने मुकुंदच्या दप्तरात भरले नाही.

लेखनमार्गदर्शनाच्या इंग्रजी पुस्तकांतून आणि अलीकडच्या कार्यशाळांतून ‘सांगू नका, दाखवा’ असा एक मंत्र मराठीत रूढ झाला आहे. त्याचा आशय असा की, ‘तो दुःखी होता’ असे विधान करण्याऐवजी दुःख ज्यातून कळेल अशी कृती, संवाद किंवा वस्तू लिहावी. वर उल्लेखलेला खिशावरचा शाईचा डाग याच जातीचा असल्याने या सल्ल्यात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. मात्र तो सरसकट पाळला तर कादंबरी ही पटकथेची गरीब बहीण होऊन बसते. मराठी गद्याला सांगण्याची फार जुनी आणि कसदार परंपरा आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ रचताना एकेक लीळा किती थोड्या शब्दांत, स्थळ आणि संवाद यांच्या नेमक्या नोंदीसह सांगितली हे पाहण्याजोगे आहे; बखरकार वर्षांमागून वर्षे एका वाक्यात ओलांडतो आणि मग एका भेटीपाशी दोन पाने थांबतो; कीर्तनकार आख्यान अडवून श्रोत्यांशी बोलतो. कादंबरीतही वीस वर्षांचा काळ सांगूनच ओलांडावा लागतो, तो दाखवत बसता येत नाही. कोठे सांगायचे आणि कोठे थांबून दाखवायचे हे प्रमाण ठरवणे यालाच कादंबरीची लय म्हणतात, आणि चांगला सांगणारा हाती असला की सांगणेसुद्धा दृश्याइतकेच खिळवून ठेवते.

कथानकाविषयी तुलनेने थोडक्यात सांगता येईल. घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमातली सामग्री म्हणजे कथावस्तू आणि लेखक त्या ज्या क्रमाने व कार्यकारणाने मांडतो ती रचना म्हणजे कथानक, हा भेद विद्यार्थ्यांना माहीत असतो. नवोदिताला तो प्रत्यक्षात उपयोगी पडतो तो मर्यादा आखण्यासाठी. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ने (१९३९) युरोपाहून मुंबईकडे निघालेल्या एका जहाजाचा प्रवास ही मर्यादा घेतली, जहाज बंदराला लागणार, हे पहिल्यापासून ठरलेले असल्यामुळे चक्रधर आणि हॅर्टा या प्रवाशांच्या प्रत्येक भेटीवर काळाचे ओझे आपोआप पडते. श्री. ना. पेंडशांनी ‘तुंबाडचे खोत’साठी (१९८७) पिढ्यांचा पट घेतला आणि त्याला दोन खंड लागले. पहिली कादंबरी लिहिणाऱ्याने पेंडशांचा पट घेऊ नये असा नियम नाही, पण पेंडशांनी तो घेतला तेव्हा ‘एल्गार’पासूनची जवळजवळ चार दशकांची कादंबरीलेखनाची मेहनत त्यांच्या गाठीशी होती.

पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर दुसऱ्या वाचकाचा प्रश्न येतो. मराठीत संपादक या व्यक्तीविषयी अजूनही संभ्रम आढळतो. पुष्कळांना संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणे वाटते. वास्तविक ते काम मुद्रितशोधनाचे. संपादक हस्तलिखिताला प्रश्न विचारतो, आणि त्यांतले बहुसंख्य प्रश्न निवेदकाला उद्देशून असतात: हे याला कसे कळले, हे तो आत्ताच का सांगतो आहे, हा शब्द याचा की लेखकाचा. मौज प्रकाशन गृह आणि ‘सत्यकथा’ मासिक यांच्याद्वारे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी या कामाला मराठीत प्रतिष्ठा मिळवून दिली आणि लेखकांकडून पुनर्लेखन करवून घेण्याची रीत घातली. त्या रीतीला दुसरी बाजूही होती. संपादकाची अभिरुची जितकी घट्ट, तितके तिच्या बाहेर राहणारेही अधिक. साठच्या दशकात अनियतकालिकांची चळवळ उभी राहिली तिच्यामागे हे एक कारण होते. तरीही दोहोंपैकी एक निवडायचे झाल्यास कडक संपादक मिळणे हे संपादकच न मिळण्यापेक्षा नव्या लेखकाच्या निश्चित हिताचे आहे. आज अनेक प्रकाशनसंस्थांना पूर्णवेळ संपादक परवडत नाही, म्हणून लेखकाला असा एक वाचक स्वतःच शोधावा लागतो. नातेवाईक, सहकारी आणि समारंभांतून भेटणारे हितचिंतक यांतून तो सहसा मिळत नाही.

दिवाळी अंक हे मराठीतले खास साधन येथे आठवायला हवे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून चालत आलेल्या या प्रथेत अनेक कादंबऱ्यांची पहिली, आटोपशीर रूपे प्रसिद्ध झाली आहेत. अंकात आलेली लघुकादंबरी पुस्तकासाठी वाढवताना लेखक पुष्कळदा नवी उपकथानके जोडतो आणि मूळचा ताण सैल होतो. वाढ करायची असल्यास ती निवेदकाला आणखी काही ठाऊक आहे म्हणून करावी, पृष्ठसंख्या कमी पडते म्हणून नव्हे. पृष्ठसंख्येचा विचार मुद्रक करतोच: पुस्तक सोळा पृष्ठांच्या फर्म्यांत छापले जाते आणि डेमी आकाराच्या पानावर अडीचशे ते तीनशे शब्द धरले, तर साठ हजार शब्दांची कादंबरी सुमारे चौदा फर्म्यांची, म्हणजे २२४ पृष्ठांची होते.

अक्षरजुळणीच्या टप्प्यावर एक सावधगिरी बाळगावी. हस्तलिखित युनिकोडमध्ये टंकलेले असते आणि मुद्रणपूर्व काम अनेक ठिकाणी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या सांकेतिक व्यवस्थेतल्या फाँटांत चालते. एकातून दुसऱ्यात रूपांतर होताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘दुसऱ्या’तला अर्धा र तुटतो, अवतरणचिन्हे उलटी पडतात, बोलीतल्या संवादांत तर चूक कोणती आणि मूळ रूप कोणते हे लेखकाखेरीज कोणाला सांगता येत नाही. म्हणून शेवटचे मुद्रित लेखकाने स्वतः, मूळ प्रत शेजारी ठेवून, वाचले पाहिजे. बोलीत लिहिणाऱ्याने तर आपल्या रूपांची एक लहानशी यादी करून ती मुद्रितशोधकाला आधीच द्यावी. ‘कोठे’ आणि ‘कुठं’चा घोटाळा तिने टळतो.

मराठीत इंग्रजीप्रमाणे लेखकाच्या वतीने वाटाघाटी करणाऱ्या मध्यस्थांची व्यवस्था जवळजवळ नाही, त्यामुळे लेखकाला प्रकाशकाशी स्वतःच बोलावे लागते. हस्तलिखित पाठवण्यापूर्वी त्या संस्थेने अलीकडच्या चार-पाच वर्षांत कोणत्या कादंबऱ्या काढल्या ते वाचावे, सोबत पानभराचा गोषवारा आणि आरंभीची प्रकरणे द्यावीत, आणि एकाच वेळी अनेकांकडे पाठवले असल्यास तसे कळवावे. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिचा लाभ घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. काही संस्था लेखकाकडून खर्च घेऊन पुस्तक काढतात. तेही वर्ज्य नाही, मात्र अशा वेळी लेखक हाच गुंतवणूकदार असतो आणि किती प्रती छापल्या, त्यांची मालकी कोणाची, उरलेल्या प्रती कोठे राहतील हे सारे लेखी असायला हवे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा तेरा अंकी क्रमांक, भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावे असलेल्या राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागत असेल तर ते कशाचे, हे विचारण्याचा लेखकाला अधिकार आहे.

उत्पन्नाचा हिशेब अगदी सरळ मांडता येतो. हजार प्रतींची आवृत्ती, ४०० रुपये किंमत आणि छापील किमतीवर दहा टक्के मानधन असे धरले, तर सगळ्या प्रती खपल्यावर लेखकाला ४०,००० रुपये मिळतात, तेही बहुधा काही वर्षांत विखरून. हेच दहा टक्के ‘प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेवर’ असतील आणि विक्रेत्याला चाळीस टक्के सूट दिली गेली असेल, तर आकडा २४,००० वर येतो. करारातल्या चार शब्दांचा हा फरक आहे.

कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. तो लेखकाला समजतो त्याहून अधिक अनुकूल आहे. हक्क निर्मितीबरोबरच जन्माला येतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्कांचे हस्तांतर, म्हणजे ते दुसऱ्याच्या नावे करून देणे, लेखी आणि सहीनिशी असेल तरच वैध ठरते. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि कोणत्या मोबदल्यावर हे त्यात नमूद असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे मानतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. ज्याच्याकडे हक्क गेले त्याने ते वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर त्या हक्कांपुरते हस्तांतर संपुष्टात आल्याचे मानले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक संरक्षण दिले: करार होताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्या माध्यमाचे हक्क दिले गेले असे धरता येत नाही. कृतीची मोडतोड करून लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध आणणाऱ्यावर दाद मागण्याचा अधिकार तर हक्क विकल्यानंतरही लेखकाकडेच राहतो.

२०१७ मध्ये स्टोरीटेलसारखी श्राव्य पुस्तकांची सेवा मराठीतही सुरू झाल्यापासून ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क’ या सैल शब्दयोजनेला नवी किंमत आली आहे. छापील आवृत्तीसाठी आलेल्या प्रकाशकाला श्राव्य, नाट्य, चित्रपट, मालिका आणि अनुवाद यांचे हक्क एकत्र देण्याची गरज नसते. तो प्रकाशक ती कामे खरोखर करणार असेल तर प्रत्येकाचे मानधन वेगळे ठरवून ते द्यावेत, नाही तर आपल्याकडे राखावेत. बोलीत लिहिलेल्या कादंबरीच्या बाबतीत तर वाचणारा आवाज कोणाचा असेल यावर लेखकाचे मत घेतले जाईल, अशी एक ओळ करारात घालून घ्यावी. वऱ्हाडी निवेदन पुणेरी उच्चारांत ऐकण्याची वेळ तिच्यामुळे टळू शकते. आवृत्ती संपल्यानंतर ठरावीक मुदतीत, समजा अठरा महिन्यांत, पुनर्मुद्रण झाले नाही तर हक्क परत येतील, ही ओळही तितकीच महत्त्वाची, आणि नव्या लेखकांच्या करारांत हीच बहुधा सुटलेली असते.

कॉपीराइटचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे चालतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून कोणालाही छापता येऊ लागली आणि आज ती अनेक प्रकाशकांकडून मिळते. ज्यांच्या निधनाला अजून साठ वर्षे झालेली नाहीत अशा लेखकांची पुस्तके पुन्हा काढायची तर वारसांची संमती लागते, आणि वारस तीन शहरांत विखुरलेले, जुना करार कोणाच्या कपाटात आहे हे कोणालाच ठाऊक नाही, अशा स्थितीत चांगल्या कादंबऱ्याही दुर्मीळ होऊन बसतात. म्हणून कराराची एक प्रत घरात आणि एक वकिलाकडे ठेवावी, आणि मृत्युपत्र करताना घर व ठेवींबरोबर पुस्तकांचे हक्क कोणा एकाच्या नावे लिहून द्यावेत.